पाटलांना मी शिकवलेला ‘चार्ज’

एटापल्ली तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी चंद्रपूरचा. वडील कोळसा खाणीत कामाला. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला आमच्या घरातलाच काय, गल्लीतलाही मी पहिला, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. गावातली पोरं माडिया बोलायची, पुस्तकं मराठीत होती, आणि मी वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीत सही करायचो.

महिनाभरातच थोरल्या गुरुजींची बदली झाली. ते दोन वर्षं त्याच एका कामासाठी खटपट करत होते, त्यामुळे ऑर्डर हातात पडताच त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबवेना. त्यांनी सकाळीच मला चार्ज दिला. यादी तयारच होती: घंटा एक, टेबल एक, कपाट एक (कुलूप नाही), नकाशा एक, शाळेची इमारत एक, छप्पर सुस्थितीत. मी वर न बघता सही केली. साक्षीदार म्हणून गावचे म्हातारे पाटील आले होते. त्यांनी अंगठा उठवला, तो धोतराला पुसला आणि विचारलं,

“गुरुजी, हा चार्ज म्हंजे काय जी?”

“का हो भाऊ?”

“नाई, दवाखान्यात गेलो का कंपाउंडर म्हणते, चार्ज लागते. मागं सायबाची जीप बंद पडली, तं डायवर म्हणे, चार्ज उतरला, धक्का मारा. आमी मारला. रेडिओवर म्हणते, लाठीचार्ज झाला. आन आता तुमी म्हणून राह्यले, चार्ज घेतला. हे सारं एकच हाये का?”

एवढा चांगला प्रश्न मला कॉलेजात तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. उत्तर मला येत नव्हतं. ते येत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती.

“चार्ज म्हणजे जबाबदारी,” मी म्हटलं. “या कागदावर ज्याची सही, त्याच्यावर चार्ज.”

“मंग जीपचं काय?”

“ते वेगळं.”

पाटलांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसलं, आणि ते मला लागलं. दिवाळीत चंद्रपूरला गेलो तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन मी मोठा कोश काढला. त्या एका शब्दाने एक अख्खा रकाना भरलेला होता. भार घालणे, काम सोपवणे, आकार लावणे, आरोप ठेवणे, तुटून पडणे, बंदुकीत दारू ठासणे. शेवटी बारीक अक्षरात मूळ दिलं होतं. शब्द निघाला होता जुन्या लॅटिनमधल्या गाडीच्या नावावरून. चार्ज म्हणजे आधी फक्त गाडीवर माल लादणं. मग माणसावर काम लादलं, बंदुकीवर दारू, गिऱ्हाइकावर पैसे आणि कुणावर तरी गुन्हा.

सुट्टी संपवून परतलो तो मी थेट पाटलांच्या अंगणात. ते दोरी वळत बसले होते. मी अगदी वर्गात शिकवावं तसं सगळं सांगितलं. त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

“म्हंजे बंडी भरणं!”

“अगदी बरोबर. बैलगाडी, म्हणजे तुमची बंडी, भरणं.”

“मंग आमी तं रोजच चार्ज करतो जी,” ते म्हणाले आणि इतके हसले की घरातून त्यांची बायको बाहेर आली. तिलाही त्यांनी माडियात समजावून सांगितलं. मला धन्य वाटलं. माझ्या बी.ए.चा या गावाला झालेला तो पहिला उपयोग होता. दुसरा लवकरच होणार होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वादळ झालं आणि शाळेच्या छपराचं आडं मोडून कवेलू, म्हणजे कौलं, वर्गात येऊन पडली. रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. मी पंचायत समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपण चार्ज घेतला तेव्हा छप्पर सुस्थितीत होते असे आपल्याच सहीने दिसते, तरी ते नादुरुस्त कसे झाले याचा खुलासा करावा. मी वादळाचा खुलासा केला. त्यावर वादळाचा दाखला मागवण्यात आला.

पाटलांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “दाखला कुठी भेटल? राहू द्या. आमी लाकूड आणतो.”

मी काय म्हणायला हवं होतं? परवानगी काढू, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “बघा, जमतं का.” हे वाक्य मला आजही आठवतं, कारण ते मुद्दाम निसटतं बोललेलं होतं. काम झालं तर शाळेचं, अंगावर आलं तर मी कुठे सांगितलं होतं?

दोन दिवसांनी पाटील ऐनाचं एक लांब लाकूड आणि थोडे बांबू बंडीत घालून आणत होते. वाटेत फॉरेस्ट गार्ड भेटला. तो त्या भागात नवाच आला होता आणि त्याला काम दाखवायचं होतं. लाकूड जप्त झालं, बंडी जप्त झाली, पंचनामा झाला. बैल तेवढे सोडले, कारण त्यांना वैरण कोण घालणार हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

मी गार्डकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “गुरुजी, शाळेसाठी होतं असं लेखी द्या, मी वर पाठवतो.”

मी कागद काढलाही होता. पण आधी आमच्या विस्तार अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “अजून कायम झाला नाहीस ना? मग लिहू नको.” मी लिहिलं नाही. पाटलांना सांगितलं, प्रयत्न चालू आहे. ते म्हणाले, “हाव, हाव.” त्या दिवसांत मी त्यांच्या अंगणाकडून जायचं टाळत होतो.

पावसाळा संपता संपता कोर्टाचं बोलावणं आलं. पाटलांना समजेल अशा भाषेत सांगायला कुणीतरी हवं, म्हणून मी सोबत गेलो. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे न जाण्याची मला लाज वाटली.

न्यायाधीश तरुण होते, पश्चिम महाराष्ट्रातून आलेले, बोलणं स्वच्छ आणि छापील. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “विनापरवाना लाकूडतोड आणि वाहतूक, असा तुमच्यावर चार्ज आहे. मान्य आहे का?”

पाटलांचा चेहरा उजळला. ओळखीचा शब्द भेटला होता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

“चार्ज म्हंजे बंडी भरणं ना जी? हाव. मीच भरली. एकट्यानं भरली.”

कोर्टात हशा पिकला. कारकुनाने गुन्हा कबूल असं लिहून घेतलं.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“या गुरुजीनं. लय शिकलेला हाये. शाळेचा चार्ज त्याच्यावरच हाये, कागदावर सही हाये त्याची.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. बसून राहणं शक्य असतं तर बसून राहिलो असतो, हे कबूल केलेलं बरं. पण उभा राहिल्यावर मात्र सगळं बोललो. कोशातलं चार्जचं मूळ, छप्पर, पत्रं, वादळाचा दाखला, आणि “बघा, जमतं का” हे वाक्यसुद्धा. म्हटलं, लाकूड शाळेचं होतं, यांनी ते मी म्हटलं म्हणून आणलं, आणि हे लेखी द्यायला मी घाबरलो.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

“इंग्रजी घेऊन शिकलात?”

“हो, साहेब.”

“मग शब्दाचं मूळ सांगाल तेव्हा कोर्टातला अर्थही सांगत जा.”

बंडी परत देण्याचा हुकूम झाला. लाकूड सरकारजमा झालं. आणि पाटलांना शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंतच्या कैदेची. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत त्यांनी तिथेच बसून राहायचं. मी त्यांना हे तीन वेळा समजावलं. त्यांचा विश्वास बसेना. शिपायाने भिंतीजवळचा बाक दाखवला तेव्हा कुठे ते बसले, वर पंखा फिरत होता त्याच्या बरोबर खाली. दुपारी मी चिवडा आणला, तो आम्ही दोघांनी बाहेरच्या ओट्यावर शिपायाच्या देखत खाल्ला.

“भाऊ, माझ्यामुळे झालं हे,” मी म्हटलं.

“काऊन जी?” ते म्हणाले. “तुमी उभे राह्यले ना.”

मी जरा उशिरा उभा राहिलो होतो, हे त्यांना कळलं नव्हतं की कळूनही त्यांनी सोडून दिलं, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

मला कार्यालयाकडून लेखी ताकीद मिळाली. छपराच्या दुरुस्तीबद्दल कळवण्यात आलं की प्रकरण कोर्टात जाऊन आलेले असल्याने त्यावर विचार करण्यास वेळ लागेल. गावाने पावसाळ्याआधीच बांबूचे तट्टे विणून छपरावर घातले होते, आणि त्याखाली मी पुढची तीन वर्षं शिकवलं. पाऊस आला की आम्ही एका कोपऱ्यात गोळा व्हायचो.

पाटील गावात परतले ते मोठ्या रुबाबात. आठ-दहा जण त्यांच्या अंगणात जमले. कोर्टात काय झालं, ते माडियात बराच वेळ सांगत होते. मला सगळं कळलं नाही, म्हणून शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीला विचारलं. ती म्हणाली,

“बाबा म्हणून राह्यले, सायबानं दिवसभर बसायले बाक देल्ला. आन सायब उठून घरी गेल्ला, तवापर्यंत बाबाले कोणी ऊठ म्हटलं नाई.”