रामकिशन मास्तरांनी आखलेली सरहद

रामकिशन मास्तरांना एका जागी निवांत बसलेलं चिंचाळ्यात कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं. शाळेत त्यांना खुर्ची होती, पण ती नावाला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या चालू, आणि भूगोलाच्या पुस्तकात आफ्रिका आली की मग विचारूच नका. नववीच्या पोरांना सांगायचे, की बाबांनो, या खंडाचा किनारा बघा, बंदराला जागा थोडी, आणि नद्या समुद्राला मिळायच्या आधीच कड्यावरून कोसळणाऱ्या. म्हणून गोरे कितीतरी वर्षं काठालाच घुटमळले. मग बंदुका घेऊन आत घुसले, आगगाडी आणली. ती आगगाडी तरी कशी, तर खाणीतून, मळ्यातून निघायची ती थेट बंदरावर. रबर, तांबं, भुईमूग, कापूस, सगळं बाहेर. शेजारच्या गावाला जायला मात्र पायवाटच. इथवर आले की मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, आपल्या मुलखात तरी काय निराळं झालं?

सगळ्यात जास्त राग त्यांना सरहदींचा. बर्लिनला बसून गोऱ्या साहेबांनी त्या खंडाच्या वाटणीचे नियम ठरवले आणि मग जो तो नकाशावर रेघा ओढत सुटला. काँगो नदीच्या एका काठावर फ्रान्सचं निशाण, दुसऱ्या काठावर बेल्जियमचं. माणसं दोन्हीकडं एकाच बोलीची, एकमेकांत सोयरीक करणारी. गोरे गेले, निशाणं बदलली, पण नदीनं तोडलेले दोन देश तसेच राहिले. हे सांगताना मास्तरांचा आवाज हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत जायचा. जाऊ द्या गेला तर, असंच त्यांचं म्हणणं.

हा संताप काही पुस्तकातून आलेला नव्हता. चिंचाळ्याच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर बौद्धांची वस्ती आहे, तिला पल्याडवस्ती म्हणतात. मास्तर तिथले. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीनं, नागुबाईनं, मोलमजुरी करून त्यांना वाढवलं. निजामाच्या राज्यात घरी एक बोली आणि शाळेत उर्दूचं अलिफ-बे, तेही दाराबाहेर बसून गिरवायचं. छप्पनला वस्तीनं दीक्षा घेतली आणि नागुबाईनं भावाला वसतिगृहात धाडलं. त्याच चिंचाळ्यात पुढं ते मास्तर होऊन आले, अल्याड घर घेतलं. बहीण वस्तीतच राहिली.

बहात्तरच्या दुष्काळात या नदीत धार उरली नव्हती. दोन्ही काठच्या बाया वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. ज्यांना एरवी नागुबाईच्या घागरीची सावली चालत नव्हती, त्या तिच्या मांडीला मांडी लावून बसायच्या. तहान लई शहाणी असते हो. पुढं सरकारनं चिंचाळ्याच्या काठाला विहीर खोदून दिली, दोन्ही काठांसाठी, आणि वस्ती त्या विहिरीवर यायला लागली. कुणी अडवलं नाही.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि लातूर जिल्हा झाला. चिंचाळा पडलं मुखेड तालुक्यात, म्हणजे नांदेडात. पण बाजार उदगीरचा, आणि उदगीर गेलं नव्या जिल्ह्यात. गावाला चैन पडेना. किराणा दुकानाचे गुरुबसप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी ठरवलं, आपणही लातुरात जायचं, काठावरच्या गावांचा मिळून एक अर्ज करायचा. अर्जाला नकाशा पाहिजे, आणि नकाशा काढावा तर मास्तरांनीच.

गुरुबसप्पांच्या ज्या ओसरीखाली मास्तरांचा बाप चपला हातात घेऊन उभा राहायचा, त्या ओसरीवर मास्तरांना गादीवर बसवलं, चहा कपबशीतून दिला. माणूस फुलला. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसला म्हणा ना! गुरुबसप्पांनी विचारलं, आपला भाग कुठवर दाखवायचा? मास्तरांनी घटकाभरही विचार केला नाही. नदीवर, म्हणाले. नैसर्गिक सीमा हीच, पुस्तकात तसंच आहे. आणि नदीच्या वळणावळणानं लाल पेन्सिल अशी फिरवली की ओसरी वाहवा करत राहिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

त्या साली पावसानं दगा दिला होता. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. एका दुपारी नागुबाई मास्तरांच्या दारात आली, काखेतली घागर रिकामी. विहिरीवर बसवंतनं तिला परत फिरवलं होतं. हा बसवंत पाण्याच्या पाळ्या लावायचा. त्यानं सांगितलं, की वस्ती आता नांदेडची, आम्ही लातूरचे होऊन राहिलो. रेघ मास्तरांनीच ओढली, त्यांना विचारा. नागुबाई विचारायला आली होती.

मास्तर तिला समजावत बसले, की तो नुसता अर्ज आहे, मंजूर कुठं झालाय.

"नदी कवा आडवी आली रं आपल्याला?" ती म्हणाली. "आमी त तिच्यातच बसून पानी पेलो."

मास्तर तडक गुरुबसप्पांकडं गेले. माणूस वाईट नव्हता तो. म्हणाला, मी कुणाला अडवा म्हणालो नाही, पण पाणी कमी आहे, पोरं ऐकत नाहीत, लातूरचा निकाल येऊ द्या. झालं, मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. आज मुखेड, उद्या नांदेड, परवा लातूर. एसटीत उभे, कचेरीत उभे. इकडं वस्तीच्या बाया पुन्हा वाळू उकरत होत्या, आणि बहिणीच्या दारावरून जायची मास्तरांना लाज वाटत होती.

शेवटी निकाल आला. अर्ज फेटाळला, एकही गाव हलणार नाही. जिंकल्यासारखे मास्तर बसमधून उतरले ते थेट विहिरीवर. चारचौघांत सांगितलं, की चिंचाळा आणि वस्ती एकाच तालुक्यात आहेत, एकाच जिल्ह्यात आहेत, रेघ पुसली.

बसवंत शांतपणे दोर ओढत होता. "जिल्ह्याचं सायबानं ठरवलं, मास्तर. हिरीचं आमी ठरवलंय. तुमाला कोन न्हाई म्हनतंय? तुमी हिकडचे. भरा की पायजे तेवढं."

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. मी तिकडचा आहे, असं ते ओरडले, आणि पंचशीलानं, त्यांच्या बायकोनं, नुकत्याच भरून ठेवलेल्या दोन घागरी त्यांनी तिथंच उपड्या केल्या. दुसऱ्या दिवशी बैलगाडी आणली. पेट्या, भांडी, पुस्तकं, पंचशीला, दोन लेकरं, सगळं भरलं आणि कोरड्या नदीतून गाडी पल्याड काढली. अल्याडच्या काठाला माणसं बघत उभी होती. मास्तरांची मान ताठ होती, छाती भरून आली होती. आयुष्यभर जे शिकवलं ते आज करून दाखवलं, असं त्यांना वाटत होतं.

नागुबाई झिऱ्यापाशी बसली होती. तळाला गढूळ पाणी साठायची वाट बघत होती. गाडी थांबली तशी तिनं आधी सामान बघितलं, मग लेकरं बघितली. मास्तर खाली उतरले आणि तिच्यापुढं उकिडवे बसले.

"अक्का, आता मी बी पल्याडचा."

तिनं वाटी वाळूवर ठेवली.

"तुझी घागर चालत व्हती न्हवं हिरीवर?" ती म्हणाली. "तिकडंच ऱ्हाऊन माझी भरून दिली असतीस, बाबा. हितं आता चार तोंडं वाढली."