वरच्या आळीची काठी

“एक वर्ष वाचलं खरं, पण ते कुठं ठेवलंय ते सापडत नाही,” स्नेहल गर्जे एकदा एसटीत मैत्रिणीला म्हणाली होती.

पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरड्या गावची ही मुलगी. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते चैतात परतायचे. बारावीनंतर तिला इतिहास शिकायचा होता. चुलता रामहरी हसला होता. “इतिहास शिकून काय करनार? मेलेल्यांची भांडनं मिटवनार?”

वडील, कल्याण, हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “किती वर्सं?”

आधी इतिहासाची पदवी, मग कायद्याची, म्हणजे सहा. पण नगरला बारावीनंतर थेट कायद्याला प्रवेश मिळत होता. बीए त्याच्याच पोटात, इतिहास घेऊन. दोन्ही मिळून पाच.

“म्हंजी एक सीझन कमी,” कल्याण म्हणाले. ते सगळंच उसाच्या हंगामांत मोजत. तिथं ते ठरलं.

नगरला तिला कळलं की वर्ष कमी झालं तरी ओझं तेवढंच राहतं. सकाळी इतिहासाचा तास, दुपारी कायद्याचा, आणि मध्ये एक वडापाव. इतिहासाचे सर म्हणत, सांगणाऱ्याला मध्येच तोडू नका, त्याला भरकटू द्या. कायद्याच्या मॅडम म्हणत, साक्षीदाराला भरकटू देऊ नका, उत्तर हो की नाही एवढ्यातच घ्या. एक संपवून दुसरं सुरू केलं असतं तर मधल्या काळात माणूस थोडा बदलला असता. हिच्यात दोन्ही एकदमच वाढत होती, एका मडक्यात लावलेल्या दोन रोपांसारखी.

गावात चैतात भैरवनाथाच्या यात्रेला देवळाच्या कळसाला उंच काठी टेकवतात. काठी न्यायचा मान वरच्या आळीचा, म्हणजे गर्ज्यांचा. भावकीत थोरलेपणानं पाळी येते. गेली काही वर्षं खालच्या आळीचे भाऊसाहेब म्हणत होते, एक साल आड काठी आम्हाला द्या. त्यावरून दर यात्रेला कुरबुर व्हायची.

पहिल्या वर्षीच्या सुट्टीत स्नेहलनं जेवताना सहज सांगितलं, की रूढी कायद्यातही धरतात, फक्त ती जुनी पाहिजे आणि मध्ये कधी तुटलेली नसावी.

रामहरीनं घास खाली ठेवला. “थांब, थांब. तुटलेली नसावी म्हंजी खंड पडाय नको?”

“हो, काका.”

“मग जितलोच की! आपला कुठं खंड पडलाय?”

त्या दिवसापासून तिला गावानं वकिलीणबाई केलं.

पुढच्या वर्षी इतिहासाच्या सरांनी काम दिलं: आपापल्या गावातल्या जुन्या ऊसतोड कामगारांच्या आठवणी ऐका. स्नेहल भावकीतल्या राहीबाईंकडं जाऊन बसली. राहीबाईंनी कोयते सांगितले, बैल सांगितले, उसाच्या पाचटात झालेली बाळंतपणं सांगितली. स्नेहलनं मध्ये तोडलं नाही.

“एका साली कारखान्याचा सीझन सरलाच न्हाई बघ,” राहीबाई म्हणाल्या. “यात्रा आली तरी ऊस उभा. सगळी आळी तिकडं. मी तेवढी बाळंतीन, म्हनून घरी. मग काठी कोन नेनार? देव काय वाट बघत बसतो व्हय? खालच्या आळीनं नेली. लई नीट नेली. आनि दुसऱ्या साली आपली मानसं आली, तवा पहाटं काठी आपल्या दारात आनून ठिवली. आपल्यांनी विचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई.”

“मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“बोलून काय करू? त्यांनी मान राखला. मी बोलून घालवू?”

राहीबाई त्या थंडीत वारल्या. स्नेहलनं हे घरी सांगितलं नाही. खोटं बोलण्याची वेळ आली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. न विचारलेल्या गोष्टीचंही वजन असतं. ती ते घेऊन नगरला ये-जा करत राहिली.

यंदा काठीची पाळी कल्याणांची होती. ऊसतोडीहून परतताना त्यांनी काठी नेताना बांधायला वाटेत गुलाबी फेटा घेतला. यात्रेच्या आधी दुपारी देवळाच्या मंडपात गाव बसलं, तेव्हा तो घडीसकट त्यांच्या मांडीवर होता. गावच्या बैठकीत एक मुलगी, स्नेहल, पहिल्यांदाच पुढं बसली होती.

“आमचा म्हातारा सांगायचा, एका साली आमी काठी नेल्ती,” भाऊसाहेब म्हणाले.

“तुझा म्हातारा वाघ मारला म्हनून पन सांगायचा,” रामहरी म्हणाला. मंडप हसला. “साक्षीदार आन.”

“साक्षीदार मेले.”

“मग झालं तर. पिढ्यान्‌पिढ्या आमीच नेतो, एकदा बी खंड न्हाई. स्नेहल, ऊठ. सांग ह्यास्नी कायदा.”

स्नेहल उठली. ती नुसता कायदा सांगू शकली असती, तो तिला पाठ होता. पण भाऊसाहेबांनी हात वर केला.

“कायदा ऱ्हाऊ दे, पोरी. तू शिकलेली हायस, म्हाताऱ्यांजवळ बसून चार गोष्टी ऐकलेली हायस. तूच सांग. खंड पडलाय का न्हाई? तू म्हनशील ते मला मान्य. परत काठीचं नाव काढनार न्हाई.”

“बघा, सोताच म्हनला!” रामहरी खूश झाला. “सांग बाई. व्हय का न्हाई, येवढंच.”

वर घंटेला कुणाचा तरी हात लागला असावा, ती बारीक हलत होती. स्नेहलनं भाऊसाहेबांकडं पाहिलं. मग वडिलांकडं. कल्याण तिच्याकडंच बघत होते. लहानपणी ती काही फोडून आली की दारातच त्यांना कळायचं, तसे.

“आगं बोल की,” रामहरी म्हणाला.

कल्याणांनी मांडीवरचा फेटा उचलला आणि बाजूला सतरंजीवर ठेवला. मग पाय जवळ ओढून घेतले. तेवढी वाट झाली. स्नेहल त्या वाटेनं पायरीपर्यंत गेली, चपला पायात घातल्या, आणि उन्हात निघून गेली.