मातीतले खडे

आमच्या नवापूरकडच्या गावात ख्रिस्ती कुटुंबांच्या कबरी एकच माणूस खोदतो. माती परत लोटण्याआधी उकिडवा बसून तिच्यातले खडे वेचतो. “गुरुजी, बायबलच्या जुन्या करारात लिहिलंय, मातीत निजलेले उठतील. तोवर त्यांना टोचायला नको,” म्हणतो.

एकदा शाळेतल्या सगळ्या शिक्षकांसमोर मी त्याला विचारलं, “उठल्यावर त्यांची हजेरी कोण घेणार?” सगळे हसले. तोही हसला.

श्रावणात आमचं तीन दिवसांचं बाळ गेलं. आम्हा हिंदूंतही एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, पुरतात. भावाने खड्डा खणला. तेवढ्यात तो न बोलावता आला आणि मातीच्या ढिगाशी उकिडवा बसला.

त्याच्या नजरेला नजर न देता मी त्याला राहिलेला एक खडा दाखवला.