पॉप-अप अडवले

आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या पायाला भिंगरीच होती. गिऱ्हाईक नसलं तरी कंगवे पुसेल, आरसा पुसेल, दारात जाऊन येईल. बायको सात वर्षांच्या लेकीला घेऊन वेगळी झाली, तशी त्याची घालमेल आणखी वाढली.

कोर्टानं दर रविवारी लेकीची भेट ठरवून दिली होती, पण व्हिडिओवर, समुपदेशन केंद्राच्या साइटवरून. पहिल्या भेटी त्यानं केंद्रातल्याच कॉम्प्युटरवर घेतल्या. त्या रविवारी मात्र पहिल्यांदाच त्यानं दुकानातल्या, एरवी गाणी वाजवायच्या कॉम्प्युटरवर ‘भेट सुरू करा’ दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. उठला, येरझारा घातल्या, परत दाबलं. बायकोचंच काम हे, असं वाटून त्याचा पारा चढला. त्यानं बायकोला फोन लावला.

“पोरीला भेटू द्यायचं नाही, असं सरळ सांग ना!”

“ती केव्हाची कॅमेऱ्यासमोर बसलीय,” बायको म्हणाली. “ओरडू नका. भेट नव्या खिडकीत उघडते. वर पत्त्याच्या पट्टीत काय आलंय ते वाचा.”

बारीक अक्षरांत होतं, ‘पॉप-अप अडवले’, म्हणजे आपसूक उघडणारी नवी खिडकी रोखली होती. आणि अडवणारा तो स्वतःच! गाणी लावली की केस उगवायच्या तेलाच्या जाहिराती टपाटप उघडायच्या. न्हाव्याच्या दुकानात टकलावरचं औषध! गिऱ्हाइकं खो-खो हसायची. म्हणून मागे त्यानं वैतागून सगळ्याच पॉप-अपना दार लावून टाकलं होतं.

त्यानं परवानगी दिली आणि अधीरपणे बटण चार-पाचदा दाबलं. खिडक्यांवर खिडक्या उघडल्या, प्रत्येकीत भेट सुरू.

“आई, पाच-पाच बाबा!” लेक खिदळली. “खरा कुठला?”

तो एकेक खिडकी बंद करू लागला. शेवटची एक उरली तरी बोट बटणावरच होतं.

“ही नको घालवूस बाबा, यात तू छान दिसतोस.”

भेट संपताना बायको कॅमेऱ्यासमोर आली. तो खाली बघत पुटपुटला, “मघाशी बोललो ते... चुकलंच.”

“पुढच्या वेळी आधी वाचा, मग ओरडा.” तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. “हिचे केस फार वाढलेत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सुट्टीत आणते, कापून द्या.”

त्यानंतर कितीतरी दिवस खुर्चीत बसलेल्या प्रत्येक शाळकरी पोराला तो विचारत होता, “काय रे, सुट्टी कधी लागणार?”