पाणी मारलेला भात

"अहो, नासलंय ते. वास बघा की! उंदीर मेल्यासारखा येतोय. फेका आधी."

"फेकू कसं? दुकानदार म्हणाला, असाच येतो वास."

"त्याचं काय जातंय म्हणायला! त्याला बाटली खपवायचीय," बायको म्हणाली.

इस्त्रीमामांनी माशाच्या सॉसची बाटली पुन्हा नाकाशी नेली आणि झटक्यात मान मागं घेतली. खाली इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. तीस वर्षं अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणत आलेली आणि तीस वर्षांत चहापलीकडं त्यांनी चुलीवर काही चढवलेलं नाही. पण बायकोचा उजवा हात प्लास्टरात, पोरगा जहाजावर नोकरीला. म्हणून उलथनं त्यांच्या गळ्यात पडलं.

आतल्या खोलीत सून निजलेली. तिसरा महिना. चार दिवस अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता. "संध्याकाळपर्यंत काही टिकलं नाही, तर भरती करून घेईन," असं डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलेलं. आणि पोरीनं मागितलं काय, तर हॉटेलात एकदा खाल्लेला, थाई पद्धतीचा झणझणीत कोळंबी भात! ते हॉटेल तर कधीच बंद पडलेलं. मग तिनंच पडल्या पडल्या वहीच्या पानावर कृती लिहून दिली.

मामांच्या डोक्यात काही केल्या उजेड पडेना. साध्या वरणाच्या फोडणीनं जी मोरीकडं धावते, तिला हे सडक्या माशाचं पाणी आणि सहा मिरच्या कशा चालणार? तिखटात साखर कशाला? आणि कागदावर वर अधोरेखित करून लिहिलेलं : भात कालचा, गार.

"पोटुशीला शिळं घालू?"

"तिनंच लिहिलंय ना?"

"कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"कुणाला पंगतीला बसवलंय का? कोळंबी परता आधी."

कोळंबीचा काळा दोरा मामांनी सुईनं काढला, शिवणीतला धागा उसवावा तसा. लसूण, मिरची तडतडली, कोळंबी गुलाबी होऊन आखडली, तशी काढून बाजूला ठेवली. इथवर ठीक होतं. मग फ्रीजमधला भात हाती आला. कडक, गोळे झालेला. मामांनी तो परातीत पसरला, तांब्यात बोटं बुडवली आणि सवयीनं सपासप पाणी मारलं.

बायको टाहो फोडायची तेवढी राहिली. "अहो, भात आहे तो, शर्ट नव्हे!"

"वाळलेलं ओलं केल्याबिगर सरळ कसं व्हायचं?"

पहिली मूठ कढईत पडली आणि तिची खळ झाली. मामा कढईकडं बघत राहिले. आयुष्यभर जे शहाणपण पोटाला घालत आलं, तेच आज उलटलं कसं, हे त्यांना कळेना. शेवटी उरलेला भात धुतलेल्या चादरीवर पसरून पंख्याखाली ठेवला. गोळे बोटांनी फोडले. अर्ध्या तासानं जाळ मोठा करून मूठ मूठ परतला. अंडं, सोया सॉस, चिमूटभर साखर, आणि त्या बाटलीतलं चमचाभर, श्वास रोखून. वरून कोळंबी, तुळशीची पानं, लिंबू.

ताटली आत नेली. दुसऱ्या हातात बादली.

सुनेनं एक घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"कसा झालाय?"

"त्या हॉटेलासारखा नाही, मामंजी."

मामांचं तोंड उतरलं. पण पोरीचा हात काही थांबेना. नाही म्हणायचं आणि ओरपायचं, ही कुठली तऱ्हा? ताटली रिकामी झाली. मामा बादली धरून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. सून भिंतीकडं तोंड करून झोपली, घोरायलाही लागली.

"आता बादली धरून पुतळ्यासारखे का उभे?" बायको दारातून कुजबुजली.

"पण चांगला झाला, का वाईट?"

"टिकला. जा खाली."

स्वयंपाकघरात मामांनी कढईतली चार शितं जिभेवर ठेवली. खारट, गोड, आंबट, सगळं एकदम, आणि मागून कानाला लागलेली आग. ह्यात काय आहे, ते त्यांना तेव्हाही समजलं नाही.

खालून हाक आली, "मामा, माझी पँट?"

"आलो, आलो," म्हणत त्यांनी जिना उतरून इस्त्री लावली.