काळकाईच्या राईतलं झाड

गुंजवण्याच्या वाटेवर मार्गासनी गाव मागं पडलं तेव्हा सुलक्षणानं पुन्हा विचारलं, "मावशी, बसू या का जरा?"

"तू बस. म्या हाय म्होरं," सगुणाबाई म्हणाल्या आणि चालतच राहिल्या. काखेत ओटीची पिशवी, पायात झिजलेल्या चपला. टेम्पोवाल्यानं हात केला तरी त्या थांबल्या नव्हत्या. "मोबाईलवर बोटं चालवून चालवून पाय इसरलीस, बाय."

सुलक्षणा हसली नाही. पाय दुखत होते हे खरं, पण बसायचं होतं ते दुसऱ्याच कारणानं. सांगायचं होतं, आणि चालता चालता सांगवत नव्हतं.

तिचं काम भोरला घरी बसून, कॉम्प्युटरवर. पुण्याच्या एका संस्थेनं जुनी प्रवासवर्णनं कॉम्प्युटरात भरली होती, गोऱ्या साहेबलोकांची मराठीत आणलेलीसुद्धा. पानं इतकी की माणसाच्या एका जन्मात वाचून व्हायची नाहीत. कॉम्प्युटर त्यातली झाडं, ओढे, जनावरं वेचायचा आणि पूर्वी कुठं कसलं रान होतं त्याचा नकाशा करायचा. वेचलेलं बरोबर की चूक, एवढं सुलक्षणा बघायची. देवापुढं दिवा लावून बसायची आणि पान पान बघायची.

त्यातच एक साहेब राजगडाखालून गेलेला सापडला. ओढ्याच्या वर अशी झाडं, की दोघा शिपायांच्या कवेत बुंधा मावेना, असं त्यानं लिहिलं होतं. झाडाचं नाव विचारलं तर गावकऱ्यांनी तोंडावर हात ठेवला. 'देवीचं' एवढंच म्हणाले.

सुलक्षणाला लगेच सगुणाबाई आठवल्या. भोंगवलीत तिच्या आईच्या शेजारी राहायच्या. मूळच्या राजगडाखालच्या गुंजवण्याकडच्या. धरणात घर आणि भातखाचरं गेली म्हणून इकडं माळावर आलेल्या. नवरा, कुंडलिकमामा, गेल्यावर एकट्याच. पण चैत्रात काळकाईची ओटी भरायला जायचं त्यांनी कधी चुकवलं नाही. देवीची राई पाण्याच्या वर होती, म्हणून तेवढी राहिली होती. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूनं उंबऱ्यातच बजावलं होतं: राईत चप्पल घालायची नाही, पडलेलं पानही घरी आणायचं नाही आणि देवीच्या झाडाचं नाव तोंडातनं काढायचं नाही. राईत नाही आणि घरीही नाही. "नवऱ्याचं नाव उखान्यात तरी घ्याया मिळालं," सगुणाबाई सांगायच्या, "हिच्या झाडाचं त्येबी न्हाई."

औंदा राईच्या कडेला कुंपणाचे सिमेंटचे खांब आले. वरची जमीन कुणा बाहेरच्यानं घेतली होती आणि खांबांची रांग सरळ राईत शिरली होती. गावातला गेनू म्हणाला, जुना पुरावा असला तर आणा, सरकारी हापिसात दाखवू. साहेबाचं नुसतं लिहिणं कोण धरणार? त्यात गावाचं नाव नव्हतं, आणि राजगडाखाली गावं काय थोडी आहेत? पण साहेब कुठून कुठं गेला हे जुळवून कॉम्प्युटर जागा नेमकी ठरवायचा. नकाशात राई आली की झालं.

"येनार न्हवं?" सगुणाबाईंनी विचारलं होतं.

"येईल," सुलक्षणानं सांगितलं होतं.

पुढं ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर सगुणाबाई आपण होऊन टेकल्या. "बोल आता. मगाधरनं तोंड उघडून मिटतीयास."

"नकाशा झाला, मावशी. राई त्यात नाही."

"का न्हाई?"

"झाडाचं नाव नसलं तर ते झाड धरायचं नाही असा नियम आहे. कॉम्प्युटरनं ते लिहिणं देवधर्माच्या यादीत टाकलं. मी काढून परत रानाच्या यादीत घातलं, तर संस्थेचे सर म्हणाले, एकासाठी नियम मोडला तर सगळ्यांसाठी मोडावा लागंल."

"मंजी आमच्या मानसांनी तोंड मिटलं, म्हून."

सुलक्षणानं हो म्हटलं.

सगुणाबाई उठल्या आणि चालू लागल्या. बऱ्याच वेळानं, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं तिथं त्या थांबल्या, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि झाडाचं नाव घेतलं. हळू, पण स्वच्छ.

सुलक्षणानं त्यांचा हात धरला. "मावशी, कशाला घेतलंत?"

"लिव."

"मी लिहून चालत नाही. त्या साहेबानंच लिहायला पाहिजे होतं."

"त्यो तर मेला."

"व्हय," सुलक्षणा म्हणाली.

सगुणाबाईंनी नुसती मान हलवली, जणू बाजारात भाव पटला नाही. मग दोघी गुंजवण्याकडं चालू लागल्या. मनातल्या मनात सुलक्षणा देवाचं नाव घेत राहिली. दुसरं हातात काही नव्हतं.

राईपाशी खांब तसेच उभे होते, दोन तर बुंध्यांच्या पलीकडं गेलेले. सुलक्षणानं चपला काढल्या. सगुणाबाईंनी काढल्या नाहीत. त्या बाहेरच, पहिल्या खांबाशी बसल्या आणि पिशवी तिच्याकडं सरकवली.

"चला की, मावशी."

"म्या कशी येऊ? ह्या तोंडानं?" त्यांनी पिशवीतला खण नीट केला, नारळाची शेंडी वर केली. "तू जा. वटी भर. आन तिला सांग, सगुणानं नाव घेतलं त्ये सोतासाठी न्हाई घेतलं. येवढं सांग, बाय. झाडांचं आपून नंतर बघू."