भावजींची जट आणि चिंचोक्याची खळ

माझ्या धाकट्या दिरांच्या डोक्यावर जट होती. लहानपणी मोठा ताप आला, केस गुंतले ते सुटलेच नाहीत. सासूबाईंनी ती देवीची म्हणून राखली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचे पेड कमरेपर्यंत आले होते. भावजी दिवसभर माळावर मेंढरं राखत आणि ती कोंडली की शहरातल्या तालमीत पोरांबरोबर पळायला जात. चालताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

सासूबाईंची बोटं आखडली, तेव्हा जट धुण्याचं काम माझ्याकडे आलं. मला कुणाशी बोलायचं म्हणजे जिवावर येई. पण भावजी दगडावर पाठमोरे बसत, तोंड दिसत नसे, म्हणून निभावलं. रिठ्याचं पाणी मुळाशी चोळायचं, पेड कापडात दाबून पिळायचा, मग उन्हात बसवायचं. जट बाहेरून सुकली तरी आत ओल राहते आणि तिला वास मारतो, म्हणून शेवटी उदाची धुरी द्यायची. तेल लावायचं नाही, माळाची सगळी धूळ त्यावर बसते. पळून घाम आला की मुळाशी खाज सुटे. तरी ते कधी डोकं हलवत नसत. एवढंच विचारत, "वैनी, हात दुकलं का?"

पळताना पेड पाठीवर आपटत. वर पटका बांधला तर डोकं तापे. शेवटी मीच भीत भीत म्हटलं, "भावजी, मानेवर अंबाडा घालू का? लोकरीच्या दोरीनं?" ते हसले आणि मान पुढं केली.

तालमीत पोरांनी सोडलं नाही. "आली बघा नवरीबाय! अरं, गजरा तरी माळायचा की!"

"तू आन," भावजी म्हणाले, "पळत आन पर. मी फुडं आसंन."

वस्तादांना मात्र ती जट खपत नव्हती. त्यांनी सांगितलं, "वळसंगावरनं तालमीपतूर शर्यत हाय. पयल्या पाचांत आलास तर जटेचं नाव काढणार न्हाय. न्हायतर जट तरी काप, न्हायतर तालीम तरी सोड." जट कापणं घरात कुणाच्या मनातही येण्यासारखं नव्हतं. म्हणजे पाचांत आले नाहीत तर त्यांचं पळणं संपलं.

शर्यतीच्या सकाळी सासूबाई वाडगं घेऊन आल्या. त्यांच्या माहेरी घोंगड्या विणत. सुतावर चिंचोके शिजवून केलेली चिकट खळ फिरवली की एक तंतू वर येत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. कुंचा घेऊन त्यांनी सगळ्या जटेला दाट खळ लावली. सुकल्यावर अंबाडा नव्या घोंगडीसारखा कडक झाला. "आता वाऱ्यानं क्येस हालायचा न्हाय," त्या म्हणाल्या. भावजींनी त्यांच्या पाया पडून वळसंगाची वाट धरली. खळ पाण्यानं सुटते, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शहराच्या अलीकडे रस्त्याला एक विहीर होती. तिथं मी घागर घेऊन बायकांत उभी होते. पुढचे तिघे गेले. मागून भावजी आले ते डोळे मिटून, हातानं चाचपडत. घामानं खळ पातळ होऊन कपाळावरून डोळ्यांत उतरली होती, वर धूळ चिकटलेली. एकजण त्यांना मागं टाकून गेला.

"वैनी, हायसा का? पानी वता!"

"भावजी, नगं! भिजली तर उचलायची न्हाय!" मी सगळ्यांदेखत ओरडले. भिजलेल्या जटेचं ओझं माझ्या हातांना ठाऊक होतं.

"दिसंना व्हय मला! वता की!"

मी सगळी घागर रिती केली. त्यांनी डोळे चोळले, अंबाडा सुटून पेड पाठीवर आले, ओल्या घोंगडीसारखे जड. मान मागं ओढली जात होती. त्यांनी दोन्ही हातांनी ते पेड पुढं घेतले, कोकरू उचलावं तसे छातीशी धरले आणि पळाले. हात न हलवताही माणूस पळू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. मागून आणखी दोघे येत होते. वळणापर्यंत तरी त्यांना भावजींना गाठता आलं नाही.

ते पाचवे आले. वस्तादांनी ओली जट हातावर तोलून पाहिली, म्हणे, आणि नुसतं "उंद्या ये" म्हणाले.

घरी सासूबाई दारातच होत्या. "खळ टिकली का रं?"

मी खाली बघितलं. भावजींचे डोळे अजून लाल होते. "टिकली की," ते म्हणाले. "तिच्यामुळंच आलो बग."

हे सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. पुढं दरेक शर्यतीला त्या कुंचा काढून बसत आणि भावजी निमूट डोकं पुढं करत. फक्त चिंचोके शिजवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. रंगापुरते चार चिंचोके टाकी, बाकी पाणीच.

"जरा दाट पायजे हुती," सासूबाई दर वेळी म्हणत, आणि भावजी पाठमोरे, हसू दाबत बसलेले असत.